खिडकीबाहेरचे पाहुणे

इस्त्रीकाकांनी आयुष्यात कधी कपड्यांना इस्त्री केली नाही. त्यांच्या शर्टाकडे बघून हे कुणालाही कळलं असतं. नाव पडलं ते कामावरून. जुन्या चित्रपटांचं जतन करणारी एक संस्था होती, आणि तिच्यात काका ऐन उमेदीत जे चिकटले ते केस पांढरे होईपर्यंत. जुनी फिल्म आक्रसते, मुरडते, मध्येच फुगते. मग तिच्यातली चांगली धडधाकट घरं कललेली दिसतात, दारं पोट काढून उभी राहतात, खांबांना कंप सुटतो. काका अशी एकेक फ्रेम संगणकावर घेत, तिच्यातली मुरड शोधत आणि हलक्या हाताने काढून टाकत. त्यांच्या हाताखालून गेलेलं घर पुन्हा ताठ उभं राही. कुणीतरी गमतीने इस्त्रीकाका म्हणालं आणि पुढे तेच नाव रूढ झालं.

माणूस सरळ रेषेचा भोक्ता. कुणाच्या घरी गेले की चहा येण्याआधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करून मोकळे. यजमानांना वाटायचं, आपल्याला टोमणा मारला. काकांच्या ते गावीही नसायचं. वडील सुतार होते. त्यांची हत्यारं धाकट्या मुलाकडे गेली आणि नजर थोरल्याकडे, असं वडील स्वतःच चारचौघांत म्हणायचे. ते ऐकून थोरल्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. धाकटा खाली मान घालून रंधा मारत राहायचा.

नोकरीची शेवटची वर्षं आली आणि संस्थेला घबाड मिळालं. एक फार जुना मूकपट होता, भुताचा. म्हणजे लोकांचं रक्त पिऊन जगणाऱ्या आणि उजेडात विरून जाणाऱ्या व्हॅम्पायरचा. त्याचा विषय निघाला की जाणकार मंडळी आवाज खाली आणून बोलायची, पण तो अख्खा असा कुणीच पाहिला नव्हता. सुरुवातीची रिळं एका प्रतीत होती, मधली दुसऱ्या प्रतीत, आणि शेवटचं रीळ कधीच नष्ट झालं असं सगळे धरून चालले होते. ते एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावर, गंजक्या डब्यात सापडलं. आक्रसलेलं, डागाळलेलं, कडांना कुरतडलेलं, पण होतं.

चित्रपटातला व्हॅम्पायर मोठा सभ्य. उंच, काळा कोट, टोपी कायम हातात. एका डॉक्टरच्या घरी तो पाहुणा म्हणून येतो आणि हलायचं नाव घेत नाही. त्याचा एकच नियम असतो: आतून कुणी 'या' म्हटल्याशिवाय तो उंबरा ओलांडत नाही. पहिल्याच रिळात डॉक्टर हसतमुखाने त्याला 'या' म्हणतो आणि तिथे सगळ्याचा विचका होतो. डॉक्टरची मुलगी दिवसेंदिवस पांढरी पडत जाते. शेवटच्या रिळात ती कशीबशी युक्ती करून त्याला घराबाहेर काढते, आणि उजाडायच्या सुमाराला तो तिच्या खिडकीबाहेर येऊन उभा राहतो. चौकोनी तावदानांची मोठी खिडकी. तो बाहेरून बघतो, ती आतून बघते. 'या' म्हणायचं की नाही, एवढाच प्रश्न. ती म्हणत नाही. ऊन येतं आणि तो जिथल्या तिथे विरून जातो.

संस्थेत त्याला व्हॅम्पायर कुणी म्हणत नसे. तो पाहुणाच होता, आणि त्याचं वयोमान बघता आदराने पाहुणे.

"काय काका, आज पाहुणे कुठवर आले?"

"जिन्यात आहेत. जिनाच जरा वाकडा आहे, करतोय सरळ."

अशी बोलणी जेवणाच्या सुट्टीत चालायची. काकांनी ही गंमत घरी सांगितली, तेव्हापासून काकूही संध्याकाळी दार उघडताना विचारू लागल्या, "गेले का पाहुणे?" काकूंना भुताच्या चित्रपटांची इतकी भीती, की त्यांनी जन्मात एकही पाहिला नव्हता. "नाही गेले अजून," काका सांगायचे, आणि काकू म्हणायच्या, "मग त्यांना तिथेच ठेवून येत जा हो. घरी आणू नका."

ते शेवटचं रीळ काकांनी मागून घेतलं होतं. विभाग चालवणाऱ्या बाईंकडे जाऊन ते म्हणाले, "बाई, आजवर मी तुकडेच केले. कधी कुणाचा जिना, कधी कुणाचं गच्चीवरचं भांडण. जायच्या आधी एक रीळ पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत माझ्या हाताने सरळ करून जाऊ द्या."

बाई कामाला कडक आणि शब्दाला पक्क्या. हो म्हणाल्या. "पण काका, जमेनासं झालं तर लपवायचं नाही. मी रीळ दुसऱ्याला देईन आणि तुम्ही राग मानायचा नाही."

काका हसले. जमेनासं व्हायला काय झालं? पण मनातून त्यांना ठाऊक होतं, की आयुष्यभर जिच्यासाठी डोळे फोडून घेतले ती नोकरी आता या एका रिळात आली आहे. हे नीट झालं तर सगळं नीट झालं.

खिडकीच्या प्रसंगापाशी घोडं पेंड खाऊ लागलं. तावदानांच्या लाकडी पट्ट्या वाकड्या होत्या, त्याचं काही नाही. फिल्म आक्रसलेली, पट्ट्या वाकड्या असायच्याच. काकांनी उभी पट्टी सरळ केली, तर आडवीने पोट काढलं. आडवी दाबून बसवली, तर शेजारचं तावदान तिरकं झालं. जिथे बघावं तिथे मुरड, आणि नजर हलवली की मुरड तिथून उठून नव्या जागी हजर. मूळ स्कॅन उघडून पाहिला. त्याला कुणी हात लावायचा नाही असा संस्थेचा दंडक होता, तेव्हा खरं-खोटं करायचं ते तिथेच. त्यातही मुरड होती. म्हणजे दोष फिल्मचा, असं म्हणून काका पुन्हा कामाला लागले, आणि चहा पिऊन परत आले तर सकाळी सरळ केलेलं सगळं वाकडं.

आता यात माणसाने काय समजायचं? काकांनी आधी संगणकावर संशय घेतला. केलेलं काम तो साठवतच नाही, अशी तक्रार केली. संगणक दुरुस्त करणारा आला, त्याने सगळं तपासलं, ठणठणीत आहे म्हणाला आणि जाताना काकांकडे जरा निरखून बघून गेला. मग काकांनी पडद्यावर संशय घेतला. शेजारच्या टेबलावर एक बाई बसायच्या, त्यांचं काम फिल्मवरचे डाग आणि ओरखडे काढायचं, म्हणून त्या डागवाल्या. त्यांच्याकडे काकांनी पडदा बदलून मागितला.

"घ्या की," डागवाल्या म्हणाल्या. "फक्त माझ्या पडद्यावर कडेला चहाचे शिंतोडे आहेत, ते खरे आहेत. त्यांना इस्त्री करत बसू नका."

पडदा बदलला, फरक शून्य. चष्मेवाल्याकडे गेले. त्याने काचा पुसल्या, दांड्या आवळल्या, नंबर जवळपास तोच आहे म्हणाला. खुर्ची बदलून पाहिली, दिवा बदलून पाहिला. काका डावीकडून बघत, उजवीकडून बघत, मान लांब करून बघत. पाहुणे तावदानापलीकडे टोपी हातात धरून शांत उभे. काकांना कधीकधी वाटायचं, हाच बाबा पलीकडून खिडकी वाकवतोय आणि माझी मजा बघतोय. मग स्वतःच्याच विचाराची त्यांना लाज वाटायची. बाईंना यातलं काही सांगायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, कारण सांगितलं की रीळ गेलं.

शेवटी त्यांनी जिद्दीने तो प्रसंग पुरा केला. आपल्या डोळ्यांना सरळ दिसेपर्यंत एकेक पट्टी ढकलत, ओढत, दाबत बसवली. बाईंनी पुरं झालेलं रीळ बघायला बोलावलं. डागवाल्या होत्या आणि एक पियानोवाले होते. मूकपट दाखवताना त्याला संगीत लागतं; ते रचायचं काम यांच्याकडे. दिवे मंद झाले, खिडकीचा प्रसंग आला आणि गेला.

"काका, हे मूळचंच असं आहे?" बाईंनी विचारलं.

"असं म्हणजे?"

"खिडकी. ती आत झुकते ना हळूहळू."

"काय डोकं असेल त्या काळच्या माणसांचं," पियानोवाले म्हणाले. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. "मुलगी 'या' म्हणत नाही, पण घर म्हणतंय. खिडकीच त्याला आत घेतेय. याला मी नुसता एक सूर देणार बघा, एकच, शेवटपर्यंत."

काकांना खिडकी झुकताना दिसली नव्हती. त्यांना ती सरळ दिसली होती, आयुष्यात केलेल्या कुठल्याही खिडकीइतकी सरळ. ते बाईंकडे बघत राहिले, मग पियानोवाल्यांकडे, आणि मग मूग गिळून बसले. कलेची दृष्टी असणाऱ्यांना काहीबाही दिसतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण संध्याकाळी घरी जाताना रस्त्यावरचा दिव्याचा खांब त्यांना वाकलेला दिसला. त्यांनी त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

घरीही तीच तऱ्हा. न्हाणीघरातल्या फरशांच्या रेषा लाटा मारत होत्या. "इमारत खचतेय," काकांनी जाहीर केलं. काकू म्हणाल्या, "खाली राहणारे तर काही बोलत नाहीत. आधी ते खचतील ना?" दुसऱ्या दिवशी आरशात त्यांना स्वतःची मिशी तुटलेली दिसली. आणि त्यानंतर घराचं पुढचं दार. ते धाकट्या भावाने केलेलं होतं, घर घेतलं तेव्हा, एक पैसा न घेता, स्वतः लाकूड निवडून. दार मधोमध वाकलं होतं. काकांनी भावाला फोन लावला.

"तुझं दार वाकलं."

"दार वाकलं?"

"वाकलं म्हणजे चांगलं वाकलं. लाकूड कच्चं वापरलं होतंस."

सुट्टीच्या दिवशी सकाळी धाकटा हत्यारांची पिशवी घेऊन आला. काकूंनी पाणी दिलं तेही त्याने न पिता बाजूला ठेवलं. दाराच्या चौकटीवरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवला. दार उघडलं, लावलं. ते अगदी हलका आवाज करून मिटलं.

"दादा, वाकलं असतं तर असं लागलं असतं?"

"लागण्याचं मला सांगू नकोस. दिसतंय ते मी सांगतोय. डोळे आहेत ना तुला?"

"आहेत," धाकटा म्हणाला. "जन्मभर तुझंच दिसणं खरं धरलं सगळ्यांनी. बाबांनी, मीसुद्धा. आज ओळंबा लावू, त्याचं दिसणं खरं धरू."

त्याने पिशवीतून वडिलांचा ओळंबा काढला. दोऱ्याला टांगलेलं पितळेचं वजन, इतकं हाताळलेलं की त्याच्या कडा झिजून गोल झाल्या होत्या. चौकटीच्या वरच्या टोकाला दोरा धरून त्याने वजन सोडलं. ते इकडून तिकडे झुललं, मंदावलं, थांबलं. धाकटा बाजूला झाला. "बघ."

काकांनी पाहिलं. दार जिथे वाकलं होतं, बरोबर तिथेच दोराही वाकला होता.

"तुझा दोराच वाकडा आहे," काका म्हणाले.

धाकटा हसला. दादा चेष्टा करतो आहे असं त्याला वाटलं, कारण असली चेष्टा त्यांच्या घरातच होऊ शकली असती. मग त्याने दादांच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. वजन टांगलेला दोरा वाकडा होत नाही. अक्षर ओळखू येण्याआधी दोघा भावांना वडिलांनी शिकवलेली ही पहिली गोष्ट होती. जग कसंही कलंडलं तरी हा दोरा सरळ, मग तुम्ही जगाला त्याच्यापाशी आणून बघायचं. काकांनी नजर जरा खाली केली. दोऱ्यातली मुरड खाली सरकली. नजर वर नेली. मुरड वर आली.

काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

"दादा, एक डोळा झाक बघू," धाकटा म्हणाला. आवाजातला राग कुठल्या कुठे गेला होता.

काकांनी डावा झाकला. दोरा बराचसा सरळ झाला. मग उजवा झाकला. डाव्या डोळ्याला दोरा पार मुरडला, आणि मधला तुकडा तर नव्हताच. तिथे कुणीतरी ओला अंगठा टेकवल्यासारखा राखाडी डाग होता. काकांचं सगळं काम आजवर डाव्या डोळ्याचं. भिंगही ते त्याच डोळ्याला लावायचे.

"अहो, कधीपासून हे?" काकूंनी विचारलं.

काकांना खरोखरच माहीत नव्हतं. खिडकीपासून? की त्याच्याही आधी, जिन्यापासून? ते दारासमोरच्या स्टुलावर बसले आणि धाकट्याने ओळंबा गुंडाळून पिशवीत ठेवला. "दार चांगलं आहे तुझं," काका म्हणाले. धाकट्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघेही चहा प्यायला विसरले.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्यापुढे चौकटी-चौकटींचा एक कागद धरला आणि मधल्या ठिपक्याकडे बघायला सांगितलं. रेषा सरळ दिसतात का? काकांना तो कागद बघून धडकीच भरली. ती त्यांचीच खिडकी होती, फक्त बाहेर कुणी उभं नव्हतं. डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साठून पडदा मध्ये फुगला आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. डावा बराच, उजव्यात नुकती सुरुवात. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, त्याने वाढायचं थांबेल. गेलेलं किती परत येईल, ते मात्र सांगता येणार नाही.

"म्हणजे फुगलेलं सरळ नाही होणार?"

"थोडंफार होईल."

"याला इस्त्री नसते का हो?" काकांनी विचारलं. डॉक्टरीणबाईंना ते कळलं नाही. काकूंना कळलं आणि त्यांनी पटकन तोंड फिरवलं.

पुढचे दिवस काकांचे फार वाईट गेले. पाहुण्यांच्या चित्रपटाची घोषणा झाली होती. वाकत्या खिडकीची बातमी पियानोवाल्यांनी आपल्या ओळखीत पसरवली होती आणि जो तो तिच्याविषयीच बोलत होता. काका गप्प बसले असते तर ताकास तूर लागली नसती. खिडकी सगळ्यांना आवडली होती, रीळ त्यांच्या नावावर राहिलं असतं, ते मानाने निवृत्त झाले असते. आणि खरं सांगायचं तर त्यांना स्वतःलाही काही धड कळत नव्हतं. फिल्म थोडी आक्रसलेली होतीच की! मग मुरड किती तिची आणि किती यांची? वाकडेपणा मोजायचा कशाने, जर मोजपट्टीच वाकडी दिसत असेल? कामावर बसल्या बसल्या ते मूळ स्कॅन उघडायचे, डावा डोळा झाकून बघायचे, उजवा झाकून बघायचे, आणि दोन खिडक्यांपैकी खरी कुठली ते ठरेना. तिसरी, मधलीच कुठलीतरी असेल. ती त्यांना कधीच दिसणार नव्हती.

शेवटी ते बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बाईंचा विश्वास बसेना. त्यांनी डागवाल्यांना बोलावलं, मूळ स्कॅनमधली खिडकी पडद्यावर घेतली आणि तिच्यावर पारदर्शक मोजपट्टी टेकवून पाहिली. डाव्या कडेला फिल्म किंचित आक्रसली होती, तेवढंच. बाकी खिडकी नाकासमोर बघत उभी होती. मग काकांनी सरळ केलेली खिडकी घेतली. पट्टी आणि लाकूड यांच्यात फट पडली. काकांना ती फट दिसली नाही. बाईंच्या चेहऱ्यावरून कळली.

पियानोवाल्यांना कळलं तेव्हा ते धावत आले. "राहू द्या हो," ते अजिजीने म्हणाले. "चुकून झालं, पण काय सुंदर झालं. लोकांना काय करायचंय कशाने झालं ते?"

बाई काकांकडे बघत होत्या. त्यांनाही ती खिडकी आवडली होती, हे काकांना ठाऊक होतं.

"ते वाकडेपण सिनेमाचं नाही," काका म्हणाले. "माझ्या डोळ्याचं आहे. माझा डोळा लोकांना कशाला दाखवायचा? काढून टाका."

"रीळ तुमच्याकडून काढून घ्यावं लागेल, काका."

"घ्या. तसं आपलं ठरलंच होतं."

हे ते सहज म्हणाले खरे, पण खोलीबाहेर पडल्यावर जिन्याच्या कठड्याला धरून ते थोडा वेळ उभे राहिले. इतकं वाईट त्यांना वडील गेले तेव्हाच वाटलं होतं. त्या रिळातलं त्यांचं सगळं काम बाजूला काढलं गेलं, त्यांनी त्याआधी केलेल्या तुकड्यांतलंही अर्धं पुन्हा तपासलं गेलं, आणि नवं काम डागवाल्यांनी हाती घेतलं. त्या कामात हुशार होत्या. त्यांनी आपल्या टेबलापाशी काकांची खुर्ची ओढून घेतली.

"सांगा, ही मुरड काढू की ठेवू?" त्यांनी विचारलं.

"मला विचारू नका हो. मला सगळीच काढावीशी वाटते."

"बरं, मग बसा नुसते," डागवाल्या म्हणाल्या. "पाहुणे एकटे आवडत नाहीत मला."

काका बसले. निवृत्तीपर्यंत ते रोज तसेच बसत, कारण घरी बसणं त्याहून कठीण होतं.

चित्रपट दाखवायचा दिवस आला, तेव्हा काकूंनी कपाटातून ठेवणीतले कपडे काढले. "तू येतेयस?" काका चकित होऊन म्हणाले. "भुताचा आहे."

"माहीत आहे. मी डोळे मिटून बसेन. तुमच्या शेजारी बसायला डोळे कशाला लागतात?"

धाकटाही आला. तिघे शेजारी शेजारी बसले, काका मधे. सभागृह भरलेलं होतं. बाई दोन शब्द बोलल्या, पियानोवाले आपल्या वाद्यापाशी जाऊन बसले आणि अंधार झाला. डॉक्टरीणबाईंनी काकांना एक युक्ती शिकवली होती: जे बघायचं त्याच्या जरा बाजूला बघायचं, म्हणजे ते कडेने दिसतं. काका तसे पडद्याच्या कोपऱ्यांकडे बघत होते. डॉक्टरच्या घराचं दार, जिना, टोपी धरलेला हात, असं तुकड्या-तुकड्याने त्यांना दिसत होतं. जिथे तुकडे जुळत नव्हते तिथे ते आठवणीने भरून काढत. आता बघतोय ते किती आणि आठवतंय ते किती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. काकू हातरुमालाने तोंड झाकून बसल्या होत्या.

खिडकीचा प्रसंग आला. काकांनी समोर पाहिलं. राहवलं नाही त्यांना. आणि खिडकी झुकली. उभ्या पट्ट्या आत आल्या, तावदानं फुगली, सगळं घर पाहुण्यांना 'या' म्हणू लागलं. पाहुणे स्वतः मात्र दिसत नव्हते. ते असायला हवे होते तिथे राखाडी डाग होता. डागवाल्यांनी केलं होतं ना सगळं नीट? की पुन्हा जुनंच रीळ लागलं?

"अगं," ते हळूच म्हणाले, "खिडकी सरळ आहे का?"

"माझे डोळे मिटलेत."

"उघड जरा. माझ्यासाठी."

काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला. रुमाल खाली गेला. "सरळ आहे," त्या म्हणाल्या. "अगदी आपल्या दारासारखी."

पलीकडे धाकट्याने घसा खाकरला.

"आणि पाहुणे?"

"बाहेर उभे आहेत. टोपी घेऊन." काकूंनी मान पुढे केली. "अहो, हे एवढंच? मला वाटलं होतं दात-बित असतील. हे तर किती केविलवाणे दिसतात."

"ऊन आलं का?"

"येतंय. आता बुटांवर आहे. आता गुडघ्यांपर्यंत आलं. पाय गेले त्यांचे. तिच्याकडेच बघतायत. ती काही बोलत नाहीये." काकूंचा आवाज कुजबुजीहून थोडा मोठा झाला होता, पण पुढच्या रांगेतल्या कुणी मागे वळून पाहिलं नाही. "टोपी गेली. आता नुसता चेहरा आहे."

पियानोवर एकच सूर वाजत होता, आणि मग तोही थांबला. काकांना वाकलेली खिडकी दिसत होती आणि तिच्या मधोमध तो डाग. ऊन चढलं, भिंती उजळल्या, तरी डाग तिथेच.

"गेले का पाहुणे?" काकांनी विचारलं.

काकूंनी पडद्याकडे नीट पाहून घेतलं. मग त्या काकांच्या चेहऱ्याकडे वळल्या. "गेले," त्या म्हणाल्या. "आमच्याकडून गेले. तुमच्याकडे आहेत का अजून?"

"आहेत."

लोक टाळ्या वाजवू लागले होते. काकूंनी हातरुमालाची घडी घातली.

"असू द्या," मग त्या म्हणाल्या. "घेऊन चला त्यांना घरी."

दिवे लागले. धाकट्याने दादांचा एक दंड धरला, काकूंनी दुसरा, आणि तिघे पायऱ्या उतरायला लागले.